दोष शोधावा कसा?

प्रस्तावना

घरातले एखादे यंत्र बिघडले की आपण काय करतो? पंखा फिरेनासा झाला तर आधी बटण पाहतो, मग फ्यूज पाहतो, शेजारच्या घरी वीज आहे का याची चौकशी करतो आणि त्यानंतरच वायरमनला बोलावतो. विचाराची ही रीत आपल्याला कोणी मुद्दाम शिकवलेली नसते. ती अनुभवातून अंगी बाणलेली असते. संगणकाच्या बाबतीत मात्र हा आत्मविश्वास डळमळतो. गेम ऐन रंगात आलेला असताना पडद्यावरचे चित्र एकाएकी थांबते, माउस हलेनासा होतो, आणि आपण गोंधळून कोणाला तरी दोष देऊन मोकळे होतो. ‘व्हायरस शिरला असेल’, ‘दुकानदाराने जुना माल गळ्यात मारला’, ‘पोराने गेम खेळून खेळून संगणक बिघडवला’ अशी वाक्ये मग घरोघरी ऐकू येतात.

दोष देणे आणि दोष शोधणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत. पहिलीला क्षणही पुरतो. दुसरीला निरीक्षण, संयम आणि शिस्त लागते. गेम खेळताना थांबणाऱ्या संगणकाचे उदाहरण घेऊन ही दुसरी क्रिया कशी करावी, हे आपण या पाठात पाहणार आहोत. तुम्ही स्वतः गेम खेळत नसाल, तरी हा पाठ तुमच्या उपयोगाचा आहे. ज्या संगणकावर घरातला मुलगा खेळतो, त्यावरच कोणी शिवणकामाचा हिशेब ठेवते, कोणी नोकरीचा अर्ज भरते, तर कोणी परीक्षेचा अभ्यास करते. हप्त्यांनी घेतलेल्या अशा संगणकाचा चुकीचा भाग बदलला गेला, तर काही हजार रुपये वाया जातात आणि मूळ दुखणे तसेच राहते.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्हाला –

• संगणक ‘थांबण्याचे’ वेगवेगळे प्रकार ओळखता येतील;
• गेम खेळतानाच बिघाड का दिसतो, हे स्पष्ट करता येईल;
• संभाव्य कारणांची क्रमवार तपासणी कशी करावी, हे सांगता येईल;
• निरीक्षणांची नोंद नेमक्या शब्दांत लिहिता येईल;
• संकेतार्थी वाक्यांचा आणि कारण-परिणाम दाखवणाऱ्या उभयान्वयी अव्ययांचा योग्य वापर करता येईल.

मूळ पाठ

१. थांबणे म्हणजे नेमके काय?

‘संगणक हँग झाला’ हे वाक्य आपण सर्रास वापरतो. पण या एका वाक्यात निदान पाच निरनिराळ्या घटना दडलेल्या असतात. डॉक्टरांकडे जाऊन ‘बरे वाटत नाही’ एवढेच सांगितले, तर त्यांना औषध ठरवता येत नाही. दुखते कुठे, कधीपासून आणि काय केल्यावर वाढते, हे सांगावे लागते. संगणकाचेही तसेच आहे.

पहिला प्रकार असा, की फक्त गेम थांबतो. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकत्र दाबली की टास्क मॅनेजर उघडतो आणि तेथून गेम बंद करता येतो. बाकी सर्व कामे सुरळीत चालत असतील, तर दोष बहुधा त्या गेममध्ये किंवा त्याच्या एखाद्या खराब झालेल्या फाइलमध्ये असतो. दुसरा गेम चालवून पाहिला की हे लगेच ध्यानात येते.

दुसऱ्या प्रकारात चित्र थांबते, पडदा क्षणभर काळा होतो आणि पुन्हा उजळतो. ग्राफिक्स कार्डाने सोपवलेले काम ठरावीक वेळात, सामान्यतः २ सेकंदांत, पूर्ण केले नाही, तर विंडोज प्रणाली त्याला स्वतःहून पुन्हा सुरू करते. विंडोज व्हिस्टापासून ही सोय प्रणालीत आहे. असे वारंवार घडत असेल, तर ग्राफिक्स कार्ड किंवा त्याचा ड्रायव्हर यांकडे संशयाची सुई वळते.

तिसऱ्या प्रकारात संगणक काही क्षण अडखळतो आणि पुन्हा चालू लागतो. रॅम अपुरी पडणे किंवा हार्ड डिस्क खराब होऊ लागणे, ही याची नेहमीची कारणे आहेत.

चौथ्या प्रकारात सारेच निश्चल होते. स्पीकरमधून एकच आवाज घरघरत राहतो, माउस हलत नाही. अशा वेळी कीबोर्डवरचे कॅप्स लॉक बटण दाबून त्याचा दिवा लागतो-विझतो का, ते पाहावे. दिवा दाद देत असेल, तर प्रणाली अजून जिवंत आहे. विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणे एकत्र दाबून ग्राफिक्स ड्रायव्हर पुन्हा सुरू होतो का, ते पाहता येते. दिवा दाद देत नसेल, तर संगणक पूर्णपणे गोठला आहे असे समजावे आणि बंद करण्याचे बटण काही सेकंद दाबून धरावे.

पाचव्या प्रकारात संगणक थांबत नाही, तर थेट बंद पडतो किंवा आपोआप पुन्हा सुरू होतो. येथे पहिला संशय उष्णतेवर आणि विजेवर घ्यावा.

पाठगत प्रश्न १

योग्य पर्याय निवडा.
(अ) कॅप्स लॉकचा दिवा दाद देतो, याचा अर्थ –
 (१) कीबोर्ड खराब आहे (२) प्रणाली अजून चालू आहे (३) गेम संपला आहे
(आ) संगणक थेट बंद पडत असेल, तर प्रथम तपासावे –
 (१) उष्णता व वीज (२) गेमची आवृत्ती (३) माउस

२. खेळतानाच का?

पत्र लिहिताना, गाणी ऐकताना किंवा बातम्या वाचताना जो संगणक तासन्‌तास कुरकुर करीत नाही, तो गेम सुरू केल्यावर अर्ध्या तासात का थांबतो? त्याचे उत्तर कामाच्या भारात आहे. गेममध्ये दर सेकंदाला ६० किंवा त्याहून अधिक चित्रे नव्याने रेखाटावी लागतात. पत्र लिहिताना थोड्याशा विजेवर भागवणारे मध्यम ताकदीचे ग्राफिक्स कार्ड गेमच्या वेळी १५० ते २०० वॅट वीज घेऊ शकते. त्याच वेळी प्रोसेसर हिशेब करीत असतो, रॅम भरत असते, डिस्कवरून नवनवी दृश्ये आत येत असतात आणि या सर्वांना वीज पुरवणारा एसएमपीएस आपल्या क्षमतेच्या जवळ पोहोचलेला असतो. म्हणजे संगणकाचे सगळेच भाग एकदम कामाला जुंपले जातात.

जुनी एसटी सपाट रस्त्यावर बिनतक्रार धावते. घाट लागला की मात्र इंजिन तापते आणि गाडी कडेला उभी राहते. घाटाने इंजिन बिघडवलेले नसते. ते आधीच दुबळे झाले होते, हे घाटाने दाखवून दिलेले असते. गेम हा संगणकाचा घाट आहे. म्हणून ‘तू खेळलास म्हणून बिघडला’ असा ठपका घरातल्या मुलावर ठेवण्याआधी थोडे थांबावे. गेममुळे बहुधा आधीचाच दोष उघडकीस आलेला असतो. तो आज गेममध्ये दिसला नसता, तर उद्या एखाद्या महत्त्वाच्या कामात दिसला असता.

३. चार संशयित

शोधाला निघताना संशयितांची यादी करावी आणि ज्याची तपासणी स्वस्त, सोपी व निर्धोक आहे, त्याच्यापासून सुरुवात करावी. त्याहीआधी एक काम करावे. महत्त्वाची कागदपत्रे, छायाचित्रे आणि हिशेब यांची प्रत पेन ड्राइव्हवर किंवा दुसऱ्या सुरक्षित ठिकाणी काढून ठेवावी. यंत्राचा भाग पुन्हा विकत घेता येतो. गेलेली माहिती परत मिळेलच असे नाही.

उष्णता : प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड यांच्या पंख्यांवर व तांबे-अ‍ॅल्युमिनियमच्या पाळ्यांसारख्या धातूच्या पट्ट्यांमध्ये धूळ साचते. हवा खेळेनाशी होते. प्रोसेसर आणि त्यावरचा थंडावा देणारा धातूचा ठोकळा यांच्यामधली थर्मल पेस्ट काही वर्षांनी सुकते. खोलीच्या तापमानाचाही येथे थेट संबंध असतो. २५ अंश सेल्सिअसच्या खोलीत जो भाग ७५ अंशांपर्यंत तापतो, तो ४० अंशांच्या खोलीत साधारणतः ९० अंशांपर्यंत पोहोचतो. म्हणूनच जानेवारीत निर्वेध चालणारा नागपूरचा किंवा दिल्लीचा संगणक मे महिन्यात तक्रार करू लागतो. आजच्या अनेक प्रोसेसरची कमाल मर्यादा ९५ ते १०५ अंशांच्या आसपास असते. मर्यादा जवळ आली की प्रोसेसर आपला वेग आपणच कमी करतो आणि तरीही तापमान वाढले, तर संगणक बंद पडतो. विंडोजच्या अलीकडच्या आवृत्त्यांत स्वतंत्र ग्राफिक्स कार्डाचे तापमान टास्क मॅनेजरच्या ‘परफॉर्मन्स’ विभागात दिसते. प्रोसेसरचे तापमान पाहण्यासाठी एचडब्ल्यूइन्फोसारखे मोफत साधन वापरता येते. लॅपटॉप गादीवर ठेवून खेळत असाल, तर तो टेबलावर ठेवा. खालची हवेची वाट मोकळी होते.

वीज : एसएमपीएस जुना किंवा कमी क्षमतेचा असेल, तर भार वाढताच विजेचा दाब डळमळतो. आपल्याकडे आणखी एक कडी तपासावी लागते, ती म्हणजे यूपीएस. बाजारात सर्रास मिळणारा ६०० व्हीएचा घरगुती यूपीएस प्रत्यक्षात सुमारे ३६० वॅटचाच भार पेलतो. पत्र लिहिणाऱ्या संगणकाला तो पुरेसा असतो. ताकदवान ग्राफिक्स कार्ड असलेल्या संगणकाला गेमच्या वेळी तो अपुरा पडू शकतो. सैल झालेला प्लग, एकाच पट्टीवर लावलेली अनेक उपकरणे आणि नसलेले अर्थिंग यांचीही पाहणी करावी.

आज्ञावली : संगणकाच्या भागांना प्रणालीशी बोलण्यासाठी दुभाष्या लागतो. त्याला ड्रायव्हर म्हणतात. ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर जुना असेल किंवा नव्या आवृत्तीतच दोष असेल, तर गेम थांबतो. ‘परवापर्यंत ठीक चालत होते; ड्रायव्हर बदलला आणि थांबू लागले’ असा क्रम असेल, तर मागील आवृत्तीवर परत जाऊन पाहावे. ड्रायव्हर नेहमी कार्डाच्या किंवा लॅपटॉपच्या उत्पादकाच्या अधिकृत स्थळावरूनच घ्यावा. मागे चालू असलेले इतर कार्यक्रम बंद करावेत. ‘संगणक वेगवान करून देऊ’ असे आश्वासन देणाऱ्या अनोळखी कार्यक्रमांपासून मात्र दूर राहावे. प्रोसेसर किंवा रॅम नेमून दिलेल्या वेगापेक्षा जास्त वेगाने चालवण्याची मांडणी कोणी केलेली असेल, तर ती काढून मूळ मांडणी आणावी.

स्मृती आणि साठवण : रॅमचा एखादा कप्पा सदोष असेल, तर साध्या कामात तो वापरलाच जात नाही, गेममध्ये रॅम भरत गेली की त्याची पाळी येते. विंडोजमध्येच ‘मेमरी डायग्नोस्टिक’ नावाची चाचणी असते. ती रात्री लावून ठेवता येते. रॅमच्या दोन पट्ट्या असतील, तर एकेक पट्टी लावून गेम चालवून पाहावा. सदोष पट्टी उघडी पडते. पट्टीच्या सोनेरी कडेवर मळ बसला असेल, तर ती स्वच्छ खोडरबरने हलकेच पुसण्याची आपल्याकडच्या कारागिरांची रीत आहे. हार्ड डिस्कमधून टकटक असा आवाज येत असेल, तर इतर सारी तपासणी बाजूला ठेवून आधी माहितीची प्रत काढावी.

सावधगिरी : कॅबिनेट उघडण्यापूर्वी संगणक बंद करून प्लग काढावा. अंगावरची स्थिर वीज उतरावी म्हणून कॅबिनेटच्या धातूच्या भागाला स्पर्श करावा. ब्लोअरने धूळ उडवताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे. एसएमपीएसचे खोके मात्र कधीही उघडू नये. प्लग काढल्यानंतरही त्याच्या आतील कपॅसिटरमध्ये धोकादायक वीज साठलेली असू शकते.

पाठगत प्रश्न २

एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) ड्रायव्हरला ‘दुभाष्या’ का म्हटले आहे?
(आ) एसएमपीएसचे खोके का उघडू नये?

४. एका वेळी एकच बदल

संशयितांची यादी हाती आली, की अधीर माणूस सगळेच उपाय एकदम करून टाकतो. धूळ झटकतो, ड्रायव्हर बदलतो, रॅमची पट्टी काढून बसवतो आणि गेमही नव्याने घालतो. संगणक चालू लागला तर तो आनंदतो. पण कोणत्या उपायाने चालू लागला, हे त्याला कळत नाही. महिन्याभराने दुखणे उलटले, तर त्याला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. म्हणून शोधाचा पहिला नियम असा : एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि काय घडले ते लिहून ठेवावे.

दुसरा नियम धीराचा आहे. दोष दर २५ मिनिटांनी दिसत असेल, तर ३० मिनिटे गेम चालला एवढ्यावरून तो गेला असे म्हणता येत नाही. नेहमीच्या कालावधीच्या निदान तिप्पट वेळ वाट पाहावी. दोन दिवसांतून एकदा थांबणाऱ्या संगणकाची परीक्षा आठवडाभर घ्यावी.

तिसरा नियम पडताळणीचा. शक्य असेल तेथे केलेला बदल मागे घेऊन पाहावा. दोष परत आला, तर कारण सापडल्याची खात्री वाढते. पुढे नमुन्यादाखल एक काल्पनिक नोंदवही दिली आहे. ती लक्षपूर्वक वाचा.

सोमवार – काहीही न बदलता गेम चालवला. २४ मिनिटांनी पूर्ण गोठला. कॅप्स लॉकचा दिवा दाद देत नाही. थोड्या वेळाने पुन्हा सुरू केला. या वेळी ९ मिनिटांतच गोठला.
मंगळवार – दुसरा गेम चालवला. २७ मिनिटांनी गोठला. म्हणजे दोष एका गेमचा नाही.
बुधवार – ग्राफिक्स ड्रायव्हर बदलला. २५ मिनिटांनी गोठला. फरक नाही. जुना ड्रायव्हर परत घातला.
गुरुवार – कॅबिनेटचे बाजूचे झाकण काढून समोर टेबलफॅन लावला. ९० मिनिटे गोठला नाही.
शुक्रवार – झाकण लावले, टेबलफॅन काढला. २६ मिनिटांनी गोठला.
शनिवार – ग्राफिक्स कार्डाच्या पंख्यातील धूळ साफ केली. झाकण लावून, टेबलफॅनशिवाय १०० मिनिटे गेम चालला.

या सहा दिवसांत एकही भाग विकत घेतलेला नाही. सोमवारची दुसरी ओळ पाहा. थंड यंत्र २४ मिनिटे टिकले, तापलेले ९ मिनिटेच टिकले. उष्णतेचा धागा तेथेच हाती लागतो. तरीही नोंद करणाऱ्याने तेथे थांबून निष्कर्ष काढलेला नाही. बुधवारची चाचणी निष्फळ ठरली असे वाटते. पण ‘दोष ड्रायव्हरचा असण्याची शक्यता कमी आहे’ हे तिनेच सांगितले. शुक्रवारी त्याने मुद्दाम दोष परत आणला आणि शनिवारी टेबलफॅन न वापरता उपाय पारखला. नकारात्मक उत्तर हेही उत्तरच असते. ते लिहून ठेवले नाही, तर मात्र वाया जाते.

५. संदेश आणि सत्य

पडद्यावर आलेला संदेश हा पुरावा आहे, निकाल नव्हे. विंडोजच्या ‘इव्हेंट व्ह्यूअर’मध्ये क्रमांक ४१ची नोंद दिसली की अनेक जण ती बिघाडाचे कारण समजतात. वास्तविक ती नोंद एवढेच सांगते, की संगणक नीट बंद न होता पुन्हा सुरू झाला. का, हे ती सांगत नाही.

अलीकडच्या काळातील एक घटना या दृष्टीने उद्बोधक आहे. इंटेल कंपनीने २०२२ मध्ये तेराव्या आणि २०२३ मध्ये चौदाव्या पिढीचे डेस्कटॉप प्रोसेसर बाजारात आणले. ते वापरणाऱ्या काही जणांचे संगणक गेम सुरू होताना किंवा खेळताना कोलमडू लागले. कित्येकदा पडद्यावर संदेश येई, की ग्राफिक्स कार्डाची स्मृती अपुरी आहे. संदेश वाचून संशय साहजिकच ग्राफिक्स कार्डावर आणि त्याच्या ड्रायव्हरवर गेला. प्रत्यक्षात कार्डाची स्मृती पुरेशी होती. गेमची दाबून साठवलेली माहिती उलगडताना प्रोसेसरच्याच हिशेबात चूक होत होती. पुढे मदरबोर्डच्या विद्युत मांडणीकडेही बोट दाखवले गेले. जुलै २०२४ मध्ये इंटेलने जाहीर केले, की प्रोसेसरच्या अंतर्गत सूचनांमधील, म्हणजे मायक्रोकोडमधील, दोषामुळे तो गरजेपेक्षा जास्त विद्युतदाब मागत होता. ऑगस्ट आणि सप्टेंबर २०२४ मध्ये कंपनीने सुधारित मायक्रोकोड दिला आणि संबंधित प्रोसेसरची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. मात्र ज्या प्रोसेसरला आधीच इजा झाली होती, तो या सुधारणेने बरा होणार नव्हता. तो बदलूनच घ्यावा लागणार होता.

मराठीत म्हण आहे – रोग रेड्याला आणि औषध पखालीला. पखाल म्हणजे रेड्याच्या पाठीवरची पाण्याची कातडी पिशवी. रेडा आजारी असताना पखालीला औषध लावून काय उपयोग? संदेशावर विसंबून ज्याने नवे ग्राफिक्स कार्ड घेतले असेल, त्याच्या बाबतीत हेच घडले असणार. येथे वापरणारा दोषी नव्हता आणि गेमही दोषी नव्हता. दोष निर्मितीत होता. म्हणूनच खरेदीची पावती आणि वॉरंटीचे कागद जपून ठेवणे हाही दोष शोधण्याच्या कामाचाच भाग आहे.

६. दुकानात काय सांगावे?

सगळेच दोष घरी दुरुस्त होत नाहीत. एसएमपीएस, मदरबोर्ड किंवा ग्राफिक्स कार्ड यांची सखोल तपासणी जाणकार कारागिरानेच करावी. तेथे तुमची नोंदवही कामी येते. ‘संगणक हँग होतो, बघा जरा’ असे सांगण्याऐवजी असे सांगावे :

‘गेम सुरू केल्यापासून सुमारे २५ मिनिटांत संगणक पूर्ण गोठतो. दोन वेगवेगळ्या गेममध्ये असेच होते. ड्रायव्हर बदलून फरक पडला नाही. धूळ साफ केल्यावर काही दिवस ठीक होते. आता ग्राफिक्स कार्डाचा पंखाच फिरत नाही. तेवढा तपासून खर्च किती येईल ते आधी सांगा. काढलेला जुना भाग मला परत हवा.’

या निवेदनात तक्रार आहे, पण आरोप नाही. माहिती आहे, पण कारागिराला शिकवण्याचा आव नाही. असे निवेदन ऐकणारा प्रामाणिक कारागीर थेट कामाला लागतो आणि अप्रामाणिक माणूस चार वेळा विचार करतो. नेमकी भाषा ही अशा वेळी ग्राहकाची ढाल ठरते.

पाठगत प्रश्न ३

चूक की बरोबर, ते लिहा.
(अ) सर्व उपाय एकदम करावेत, म्हणजे वेळ वाचतो.
(आ) निष्फळ ठरलेल्या चाचणीचीही नोंद ठेवावी.
(इ) पडद्यावरील संदेश म्हणजे बिघाडाचे निश्चित कारण होय.

भाषाभ्यास

१. संकेतार्थी वाक्ये : अमुक झाले तर तमुक होईल, असा अर्थ ज्या वाक्यातून व्यक्त होतो, त्याला संकेतार्थी वाक्य म्हणतात. उदा. दोष दुसऱ्या गेममध्येही दिसला, तर तो एका गेमचा नसतो. दोष शोधण्याची सारी प्रक्रिया अशा ‘जर-तर’ वाक्यांवर उभी असते. एखादी चाचणी करण्याआधी तिचे संकेतार्थी वाक्य लिहिता येत नसेल, तर त्या चाचणीतून काय कळणार आहे, हे आपल्यालाच स्पष्ट नसते.

२. उभयान्वयी अव्यये : ‘म्हणून’ हे परिणामबोधक, तर ‘कारण’ हे कारणबोधक अव्यय आहे. पुढील दोन वाक्ये पाहा.
• धूळ साचली होती, म्हणून पंखा फिरत नव्हता.
• पंखा फिरत नव्हता, कारण धूळ साचली होती.
दोन्ही वाक्यांतील घटना त्याच आहेत. मांडणीचा क्रम मात्र उलटा आहे. पहिले वाक्य कारणाकडून परिणामाकडे जाते, तर दुसरे परिणामाकडून कारणाकडे. दोष शोधणारा माणूस दुसऱ्या वाक्याच्या दिशेने प्रवास करतो.

३. वाक्प्रचार : संशयाची सुई वळणे – संशय येणे, ठपका ठेवणे – दोष देणे, दाद देणे – प्रतिसाद देणे, अंगी बाणणे – स्वभावात मुरणे.

तुम्ही काय शिकलात?

• ‘हँग होणे’ ही एक घटना नसून अनेक घटनांचे एकत्रित नाव आहे. म्हणून लक्षण नेमके सांगावे.
• गेममुळे सर्व भागांवर एकदम भार येतो आणि दुबळा भाग उघडा पडतो.
• उष्णता, वीज, आज्ञावली आणि स्मृती-साठवण हे चार प्रमुख संशयित होत.
• आधी माहितीची प्रत काढावी. मग एका वेळी एकच बदल करावा, पुरेशी वाट पाहावी, पडताळणी करावी आणि नोंद ठेवावी.
• संदेश हा पुरावा असतो, निकाल नव्हे.

पाठान्त प्रश्न

१. ‘गेम हा संगणकाचा घाट आहे’ हे विधान पाठाच्या आधारे स्पष्ट करा.
२. नोंदवहीतील शुक्रवारची चाचणी का आवश्यक होती? ती केली नसती, तर काय राहून गेले असते?
३. दोष देणे आणि दोष शोधणे यांतील फरक तुमच्या अनुभवातील उदाहरणासह आठ ते दहा ओळींत लिहा.
४. ‘रोग रेड्याला आणि औषध पखालीला’ या म्हणीशी ‘आग सोमेश्वरी, बंब रामेश्वरी’ या म्हणीची तुलना करा.
५. तुमच्या घरातील बिघडलेल्या एखाद्या यंत्राविषयी दुरुस्ती करणाऱ्याला उद्देशून शंभर शब्दांत निवेदन लिहा. त्यात लक्षण, वेळ, केलेल्या चाचण्या आणि अपेक्षा यांचा उल्लेख असावा.
६. पुढील वाक्य संकेतार्थी करा : रॅमची एक पट्टी काढली आणि गेम चालला.

पाठगत प्रश्नांची उत्तरे

१. (अ) प्रणाली अजून चालू आहे (आ) उष्णता व वीज
२. (अ) ड्रायव्हर संगणकाचा भाग आणि प्रणाली यांच्यात संवाद घडवून आणतो, म्हणून त्याला दुभाष्या म्हटले आहे. (आ) प्लग काढल्यानंतरही त्याच्या आत धोकादायक वीज साठलेली असू शकते, म्हणून ते उघडू नये.
३. (अ) चूक (आ) बरोबर (इ) चूक